पहाटे चारची कूस

रात्रीचे आठ वाजून गेलेत. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात दारालगतच्या टेबलापाशी संध्याकाळच्या सिस्टर रात्रीच्या सिस्टरांना ओव्हर देताहेत. खाटा 40, पेशंट 54. उरलेले 14 जण दोन खाटांमधल्या फरशीवर गाद्या टाकून आहेत. "21 नंबर, पॅरालिसिस, उजवी बाजू. रायल्स ट्यूब, कॅथेटर. दर दोन तासांनी कूस." 21 नंबर म्हणजे माझे वडील.

ओव्हर संपतं. आता सकाळी आठपर्यंत या 54 जणांना एक सिस्टर आणि जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. भारतीय नर्सिंग परिषदेच्या मानकात साध्या रुग्णालयातल्या वॉर्डाला पाच रुग्णांमागे एक नर्स धरलेली आहे, शिवाय रजेसाठी 30 टक्के राखीव. हा हिशेब तिन्ही पाळ्यांचा मिळून धरला तरी इथे रात्रीला तीन तरी हव्यात. मी स्टुलावर बसून बोटांवर मोजत राहतो, तोवर सिस्टर इंजेक्शनांचा ट्रे घेऊन सहाव्या खाटेपर्यंत पोचलेल्या असतात.

"सिस्टर, सलाईन संपलंय." "सिस्टर, ह्यांची सुई सुजलीय बघा ना ओ." "सिस्टर, पंखा लागंना." पंख्याचंही त्यांनाच सांगतात. मावशी एकच आहे आणि ती कॅज्युअल्टीत अडकली आहे.

दहा वाजता त्या 21 नंबरला येतात. "दादा, तुम्ही पलीकडून उभे राहा. लुळा हात ओढायचा नाही हं, खांदा निखळतो." वडिलांचा गुडघा दुमडतात, एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली, आणि माझे 78 किलोंचे वडील आपणच कूस बदलावी तसे अलगद वळतात. सदरा वर करून त्या माकडहाडावर अंगठा दाबतात, सोडतात. "दाबल्यावर पांढरं होतंय, म्हणजे अजून चांगलं आहे. लाल तसंच राहिलं तर जखम सुरू झाली समजायचं. मला लगेच हाक मारा." गुडघ्यांमध्ये उशी, टाच अधांतरी. चार मिनिटं लागतात. मी तीन दिवस हे काम जोर लावून करत होतो आणि चुकीचं करत होतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1973 पासून अंथरुणाला खिळलेल्या आणि तिथल्याच नर्सनी सांभाळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालात आहे. आपण ती गोष्ट माया-ममतेची म्हणून सांगतो. माया होतीच. पण मायेनं कातडी शाबूत राहत नाही. कुणीतरी घड्याळ बघून रात्री दोनला आणि चारला उठून वळवावं लागतं, आणि कसं वळवायचं ते शिकलेलं असावं लागतं. आज रात्री ते डोळ्यांनी बघेपर्यंत मलाही हे कळलं नव्हतं. त्याची लाज वाटते.

बाराची कूस होते. दोनची होते, दहा मिनिटं उशिरा.

परत जाताना सिस्टर फरशीवरच्या एका म्हाताऱ्याशी थबकतात. मला तो शांत झोपलेला दिसतोय, शेजारी त्याचा मुलगाही घोरतोय. त्या वाकून कपाळाला हात लावतात. "आजोबा? आजोबा!" कपाळ ओलंचिंब, थंड. ग्लुकोमीटर बोटाला लागतो: 38. विद्यार्थिनी डॉक्टरांना फोन लावते, तोंडी ऑर्डर घेते, सिस्टर 25 टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून हळूहळू सोडतात. काही मिनिटांत म्हातारा डोळे उघडून पाणी मागतो. जागा झालेला मुलगा धावत आलेल्या डॉक्टरांच्या पाया पडायला वाकतो. डॉक्टर त्याला थांबवतात, सिस्टरांकडे बोट करतात. सिस्टर तोवर टेबलाशी बसून रजिस्टरमध्ये वेळ आणि आकडा लिहिताहेत.

त्यांच्या बिल्ल्यावर 'अधिपरिचारिका' असं लिहिलंय. केंद्रानं 2016 मध्ये स्टाफ नर्सचं पदनाम बदलून नर्सिंग ऑफिसर केलं. या ऑफिसर 11 महिन्यांच्या ऑर्डरवर आहेत, आणि हे सहावं वर्ष. "2022 च्या मे महिन्यात कंत्राटी भरतीविरुद्ध संप झाला ना, तेव्हा कायमवाल्या रस्त्यावर होत्या आणि आम्ही वॉर्डात," त्या सांगतात. "आमच्यासाठीच भांडत होत्या. पण आम्ही बसलो असतो तर पुढची ऑर्डर कुठली?"

विद्यार्थिनी ट्रॉलीशी उभ्या उभ्या एका घडी घातलेल्या कागदावरून पुटपुटतेय. जर्मन शब्द. महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. "डेअर ऱ्युकेन म्हणजे पाठ," ती मला सांगते. तिला मी जाऊ नको कोणत्या तोंडानं म्हणू? तिची मोठी बहीण गावातल्या खाजगी दवाखान्यात आहे. 50 खाटांहून लहान दवाखान्यातही नर्सला 20,000 रुपयांहून कमी पगार नसावा, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं केली होती. "ताईला नऊ मिळतात," ती म्हणते आणि कागद खिशात घालते.

पावणेचारला दार धाडकन उघडतं. पॉयझनची केस. तरुण पोरगा, कपड्यांना फवारणीच्या औषधाचा वास, तोंडातून फेस. सक्शन, दोन सुया, अ‍ॅट्रोपिन, दर काही मिनिटांनी बाहुल्या बघायच्या, नाडी मोजायची, पुन्हा अ‍ॅट्रोपिन. दोघीही तिथेच. सलाईन संपल्याच्या हाका येतात, विरतात. एक नातेवाईक आपणच सलाईनची चावी बंद करतो.

चार वाजतात. सव्वाचार. मी वडिलांच्या खांद्याखाली हात घालतो आणि काढून घेतो. लुळा हात. एकट्यानं नाही जमणार. पाच. साडेपाच. सिस्टरांना हाक मारायला तोंड उघडत नाही. त्या पोराची आई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी आहे.

सहाला पोराचा श्वास एका लयीत येतो. मग बाकीच्या 54 जणांचं तापमान, सकाळची इंजेक्शनं, रक्ताच्या बाटल्यांवर नावं.

आठ वाजता ओव्हर. सिस्टरांचा आवाज बसलाय. एकेक नंबर सांगत त्या 21 वर येतात आणि क्षणभर थांबतात.

"21 ला दोननंतर कूस दिलेली नाही. चारची आणि सहाची राहिली. माझ्याकडून राहिली."

तसंच लिहिलंयही त्यांनी, वेळेसकट. घरी जायची पर्स खांद्याला आहे. ती स्टुलावर ठेवून त्या खाटेच्या पलीकडे येतात.

"दादा, या इकडून."

गुडघा दुमडतो, वडील वळतात. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आहे. सिस्टर अंगठा दाबतात, सोडतात. आम्ही दोघं वाकून बघतो.