देवमाशाचं गोत्र

जीवसृष्टीची वंशावळ : लेखांक ७

दोन प्राणी सारखे दिसतात म्हणून ते जवळचे नातलग ठरत नाहीत, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. शार्क आणि डॉल्फिन यांच्या पाठीवरचे पर सारखेच दिसतात, पण ते वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडले. मग नातं ठरवताना कोणतं साम्य धरायचं आणि कोणतं सोडायचं? या प्रश्नावर जीवशास्त्रज्ञांची खरी कसोटी पाहिली ती देवमाशाने.

देवमासा हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. कार्ल लिनियसने १७५८ साली त्याला सस्तन प्राण्यांत बसवलं. पण सस्तनांत नेमकं कुठे? दूध तर उंदीरही पाजतो आणि हत्तीणही. ज्या लक्षणात सगळेच वाटेकरी, त्यावरून जवळचं कोण ते कळत नाही. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये याचा नियमच बांधून दिला : समान पूर्वजात नव्याने आलेलं आणि फक्त त्याच्या वंशजांत उतरलेलं लक्षण, तेवढंच साक्षीला घ्यायचं.

देवमाशाच्या बाबतीत अशी लक्षणं मिळणंच अवघड. मागचे पाय गेलेले, केस जवळजवळ नाहीत, दातही पार बदललेले. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ली व्हॅन व्हेलन यांनी प्राचीन देवमाशांच्या दातांवरून त्यांचं नातं मेसोनिकिड या नामशेष, खुरांच्या मांसाहारी प्राण्यांशी जोडलं. ते मत बरीच वर्षं टिकलं.

१९९० च्या दशकात डीएनएची साक्ष उलट निघाली. तिच्यानुसार देवमासा गाय, हरीण, डुक्कर, उंट यांच्या, म्हणजे समखुरी प्राण्यांच्या कुळातला. आणि आज हयात असलेल्यांपैकी त्याचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा. जपानमधल्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने यासाठी भक्कम पुरावा दिला. डीएनएचे काही छोटे तुकडे स्वतःची प्रत काढून दुसरीकडे कुठेतरी घुसतात आणि एकदा घुसले की सहसा तिथेच राहतात. असे काही तुकडे देवमासा आणि पाणघोडा यांच्यात अगदी त्याच जागी सापडले. गाय, डुक्कर, उंट यांच्यात त्या जागा रिकाम्या होत्या. दोन पोथ्यांत त्याच ओवीत तीच चूक आढळली, तर दोन्ही एकाच प्रतीवरून उतरवल्या असं अभ्यासक मानतात. इथला तर्कही तोच.

जीवाश्मतज्ज्ञ मात्र लगेच राजी झाले नाहीत. समखुरींची खरी खूण घोट्याच्या एका हाडात असते : त्याच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही टोकांना खोलगट खोबण. आजच्या देवमाशाला घोटाच नाही, तर तपासायचं काय? उत्तर पाकिस्तानातल्या खडकांतून आलं. फिलिप गिंगरिच आणि हान्स थेविसन यांच्या गटांनी २००१ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांची घोट्याची हाडं जगासमोर मांडली. दोन्ही टोकांना खोबण होती. मेसोनिकिडांच्या घोट्यात ती नाही. म्हणजे दातांचं साम्य फसवं होतं.

२००७ मध्ये काश्मीरनेही साक्ष दिली. राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटहून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांत 'इंडोह्यूस' या सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या छोट्या समखुरी प्राण्याची हाडं होती. त्याच्या कानाच्या हाडाची जाड कड थेट देवमाशासारखी निघाली. हा देवमाशाचा पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला.

या निकालाने वर्गीकरणाचीच मांडणी बदलली. गायीला डुकरापेक्षा देवमासा जवळचा असेल, तर गाय आणि डुक्कर एका गणात ठेवून देवमाशाला वेगळा गण कसा देणार? एका पूर्वजाचे सगळे वंशज एकत्र ठेवायचे, तर देवमाशालाही आत घ्यावंच लागतं. आज तो समखुरींसह एकाच गणात आहे.

हाच नियम सरपटणाऱ्या प्राण्यांना लावला, तर मगरीला पालीपेक्षा चिमणी जवळची ठरते. ते कसं, हे पुढच्या आठवड्यात.