नावे लिहून ठेवणाऱ्यांचा इतिहास

खटाव तालुक्यात ९ सप्टेंबर ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९४२ साली याच दिवशी वडगाव (जयराम स्वामी)चे परशुराम घार्गे हातात तिरंगा घेऊन मोर्चाच्या अग्रभागी वडूजच्या मामलेदार कचेरीवर चालून गेले. गोळीबार झाला. घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्याआधी २४ ऑगस्टला कराडचा आणि ३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा रक्त न सांडता पार पडला होता. वडूजनंतर दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गोळीला बळी पडले. पुढच्या वर्षी नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, ते याच संतापातून. आज वडूजच्या शाळेला हुतात्मा परशुरामांचे नाव आहे आणि दर ९ सप्टेंबरला मुले त्या नऊ जणांना अभिवादन करतात.

मला वडूजचे मोल वाटते ते या नऊ नावांमुळे. सामूहिक हिंसेच्या इतिहासाचा मी बरीच वर्षे अभ्यास करतो आहे आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. जिथे मेलेल्यांची नावे कुणीतरी लिहून ठेवली, तिथे उशिरा का होईना कायद्याला पाय ठेवायला जागा मिळाली. जिथे ती लिहिली गेली नाहीत, तिथे उरली ती फक्त कुजबुज.

हे शिकावे शीख समाजाकडून. १७४६ आणि १७६२ साली त्यांच्या दोन मोठ्या कत्तली झाल्या, ज्यांना ते ‘घल्लूघारा’ म्हणतात. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात कधी अरदासच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, वेळी उभे राहून पाहा. ज्यांची अंगे सांध्यासांध्यातून तोडली, ज्यांना चाकावर चिरडले, करवतीने कापले, त्या सगळ्यांचे स्मरण तिथे रोज होते. दुःखाची उजळणी ज्या समाजाच्या नित्यप्रार्थनेतच आहे, त्याला पुरावा जपण्याचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही.

जालियनवाला बागेच्या चौकशीत एक मराठी माणूस होता, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. १३ एप्रिल १९१९ च्या गोळीबारात सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली. सरकारने हंटर समिती नेमली, पण अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदाही लगोलग करून टाकला. तेव्हा काँग्रेसने स्वतःची समिती नेमली. तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. या मंडळींनी सतराशेच्या वर साक्षी तपासल्या आणि त्यातल्या साडेसहाशेच्या आसपास छापल्या. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून जयकरांचे नाव आपण घेतो. माझ्या लेखी पंजाबातले ते साक्षीपुरावे हेच त्यांचे सर्वांत मोठे काम.

आता ज्या प्रकरणापाशी मी पुन्हा पुन्हा जातो, तिकडे वळतो. अमृतसरमध्ये जसवंतसिंग खालडा नावाचे एक बँक अधिकारी होते. १९८०-९० च्या दशकांत पंजाबात अनेक माणसे पोलिसांनी उचलली आणि ती परत आलीच नाहीत. घरच्यांना उत्तर एकच मिळे, आम्हाला माहीत नाही. खालडांनी पोलीस ठाण्यांचे उंबरे झिजवण्याऐवजी स्मशानांच्या नोंदवह्या धरल्या. बेवारस प्रेत जाळायचे तरी लाकूड लागते, कफनाला कापड लागते आणि त्याचा हिशेब लिहावा लागतो. कोणत्या तारखेला, कोणत्या पोलीस ठाण्याने, किती प्रेते आणली, हे त्या रुक्ष सरकारी वहीत ओळीने लिहिलेले होते. खून लपवणाऱ्यांना सरपणाचा हिशेब लपवायचे सुचले नाही! ही माहिती घेऊन ते उच्च न्यायालयात गेले, तर याचिका फेटाळली गेली. ६ सप्टेंबर १९९५ ला खुद्द खालडांनाच त्यांच्या घरासमोरून उचलून नेले. ते परत आले नाहीत. मग सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे तपास दिला. अमृतसर जिल्ह्यातल्या तीन स्मशानांत २,०९७ बेकायदा अंत्यसंस्कार झाल्याचे निघाले. त्यातल्या ५८५ मृतांची पूर्ण ओळख पटली, २७४ जणांची अर्धवट, आणि १,२३८ अनोळखीच राहिले. डिसेंबर १९९६ मध्ये प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेले. आयोगाने भरपाई दिली, पण चौकशी अंत्यसंस्कारांपुरती आखून घेतली. प्रत्येक माणूस कसा मेला, हा प्रश्न तिथेच राहिला. आयोगाने हातची संधी घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे. खालडांच्या खुन्यांना मात्र जन्मठेप झाली.

कायद्याची खरी उणीव १९८४ च्या दिल्लीने दाखवली. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या शीखविरोधी हिंसेत सरकारी गणतीप्रमाणे एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. मिश्रा आयोग झाला, नानावटी आयोग झाला, २००५ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत माफी मागितली. त्या हिंसेतले आरोपी, काँग्रेसचे नेते सज्जन कुमार यांना जन्मठेप लागायला डिसेंबर २०१८ उजाडले. त्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले, की वंशसंहार किंवा मानवतेविरुद्धचा गुन्हा आपल्या फौजदारी कायद्यात नाहीच, ही फट बुजवायला हवी. असल्या हिंसेच्या मालिकेत न्यायालयाने १९९३ ची मुंबईही मोजली आहे. वंशसंहारविरोधी करार भारताने १९५९ साली मान्य केला, पण तसा देशी कायदा अजून झालेला नाही. नव्या न्याय संहितेत जमावाने केलेल्या हत्येचे कलम आले खरे, पण जमाव पाठवणारा आणि पोलिसांना थोपवून धरणारा त्यात सहजी सापडत नाही. आणि गोळीबार करणाऱ्या अधिकाऱ्याला वडूजच्या वेळी जे कायद्याचे कवच होते, ते सद्‍भावनेच्या नावाखाली आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

एका माणसाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या अख्ख्या जातीला शिक्षा, हा प्रकार आपल्याकडे दिल्लीच्या आधी छत्तीस वर्षे घडून गेला आहे. ३० जानेवारी १९४८ ला एका ब्राह्मणाने गांधीजींचा खून केला आणि आजच्या सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. माणदेशच्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ लिहून ते दिवस कादंबरीत आणले. पण कादंबरी म्हणजे साक्ष नव्हे. घर कुणाचे, आग कुणी लावली आणि रात्री शेजारच्या वाड्यात कुणी लपवून ठेवले, याची गावोगावची यादी कुणी केल्याचे माझ्या माहितीत नाही. त्याविषयी बोलायला दोन्ही बाजू कचरतात, एकीकडे अपमान सलतो, दुसरीकडे शरम. वडूजच्या नऊ जणांवर गोळ्या झाडणारे सरकार परके होते, म्हणून ती नावे आपण अभिमानाने घेतो. १९४८ ला काडी लावणारे हात आपलेच होते. आपल्याच हातून घडलेले लिहायला जास्त धैर्य लागते आणि म्हणूनच ते आधी लिहायला हवे. त्याने कुणाच्या नातवावर खटला भरायचा नाही. पुढच्या वेळी जमाव वेशीत येईल तेव्हा काय करायचे, हे गावाला ठाऊक असावे, इतकेच.

त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आता नव्वदीला टेकली आहेत. आपल्या घरात, आळीत असे कुणी असेल तर या दिवाळीत त्यांच्यापाशी बसा. गाव, तारीख, जळालेले घर आणि आसरा देणारे घर, सगळे लिहून घ्या, त्यांची सही घ्या आणि एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात नेऊन द्या. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका.