पट्टी सोडताना

आमच्या धामणगाव रेल्वेच्या गल्लीतली वहिनी लग्नघरच्या कढईतल्या तेलाने भाजली. कोणी टूथपेस्ट थापली, कोणी शाई ओतली. पाण्याचा नळ हाताशी होता, तो कोणी उघडला नाही. आठवड्याने तिला भेटायला जळीत वॉर्डात गेले आणि मग जातच राहिले, ते तिथल्या ड्रेसरकाकांमुळे.

हात धुवा, गाऊन घाला, मास्क बांधा, एवढं झालं की आत. काका पट्टी ओढत नाहीत. सलाईनने भिजवून तिला सुटायला वेळ देतात. त्या दिवशी शेवटचा थर निघाला तसा कापसावर हिरवट डाग दिसला आणि गोडसर, आंबूस वास आला. काका थांबले. “वास आधी येते ताई, रिपोर्ट मंग येते.” स्वॅब गेला. रिपोर्टात सुडोमोनास निघाला.

कातडी म्हणजे शरीराचा तट, हे मला तिथे कळलं. तो पडला की आधी केसांच्या मुळाशी नि घामाच्या ग्रंथींत तगलेले जंतू वाढतात, आठवडाभरात सुडोमोनाससारखे चिवट जंतू शिरतात. पांढऱ्या पेशी रक्तातून लढायला येतात, पण करपलेल्या थरात रक्तवाहिन्याच उरलेल्या नसतात. तिथे पेशी पोचत नाहीत, शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही पोचत नाही. म्हणून वरून चांदीचं मलम लावायचं, म्हणून मेलेला थर लवकर काढायचा. जखमेतून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर प्रथिनं जातात, त्यांत जंतूंशी लढणारी प्रतिपिंडंही असतात. “अंडी किती खाल्ली?” काका रोज विचारत. वहिनीची सासू माळकरी. चौथ्या दिवशी तिनेच अंडी उकडून आणली.

मोठ्या जखमेवर मृत दात्याची त्वचा लावतात. ती कायमची नसते. भाजलेल्याची प्रतिकारशक्ती इतकी खचलेली असते की परकी त्वचा दोन-तीन आठवडे अंगावर टिकते. अंगात बळ आलं की तेच शरीर ती झिडकारतं. मधल्या काळात जंतूंना वाट मिळत नाही, पाणी पाझरत नाही, वेदना कमी होतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने अशी त्वचापेढी सुरू झाली. पुढे नागपुरातही पेढी निघाली. ग्लिसरॉलमध्ये ४ अंशांवर ठेवलेली त्वचा ५ वर्षांपर्यंत टिकते, रक्तगट जुळवावा लागत नाही. फक्त ती मृत्यूनंतर ६ तासांत घ्यावी लागते.

हे ६ तास काकांच्या तोंडी सारखे असत. “सहा तासांत फोन आला पायजे. मंग काही उपेग नाही.”

डोळ्यांनाही ६ तासच असतात, आणि नेत्रदान आता आपल्याकडे रुळलं आहे. त्वचेचं नाव काढलं की मात्र “कातडी सोलतात” म्हणून माणसं मागे सरतात. या एका शब्दाने फार घात केला आहे. मांडीवरून, पाठीवरून कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर घेतात, रक्त वाहत नाही, पाऊण तासात पट्टी बांधून देह घरच्यांच्या हवाली करतात.

वहिनीच्या वेळी दात्याची त्वचा मिळाली नाही. तिच्याच मांडीवरून तीनदा घ्यावी लागली. ती वाचली, पण मांडीची जखम तिला भाजलेल्या हातापेक्षा जास्त दुखली.

घरात मयत झाली आणि नेत्रदानासाठी कोणी फोन उचलला, तर त्याच फोनवर त्वचादानाचंही विचारा. हाती ६ तास असतात.