लुइस्टनचा थ्रो-इन

स्थलांतरित मुलांना परक्या देशात आपलेपणा मिळवून देण्यात खेळाचा वाटा किती, या प्रश्नाची चर्चा बहुधा सदिच्छेच्या भाषेत होते. परंतु अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यातल्या लुइस्टन या गावाचा अलीकडचा इतिहास पाहिला, तर तेथे सदिच्छेपेक्षा फुटबॉलच्या रोखठोक नियमांनी आणि शाळेच्या संघनिवडीने अधिक काम केल्याचे दिसते. भारतात फुटबॉल म्हणून ओळखला जाणारा हा खेळ अमेरिकेत ‘सॉकर’ या नावाने खेळला जातो, कारण फुटबॉल हे नाव तेथे अंडाकृती चेंडूच्या वेगळ्याच खेळाकडे गेले आहे.

अँड्रोस्कॉगिन नदीकाठचे, सुमारे 36,000 वस्तीचे हे गाव कापडगिरण्यांवर वाढले आणि त्या गिरण्यांत राबण्यासाठी कॅनडातील क्यूबेक प्रांतातून फ्रेंचभाषक कामगार आले. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धात बेंजामिन बेट्स या गिरणीमालकाने आधीच साठवून ठेवलेल्या कापसामुळे येथील माग चालू राहिले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. मुहम्मद अली आणि सॉनी लिस्टन यांची मे 1965 मधील मुष्टियुद्धाची लढत याच गावात झाली आणि पहिल्याच फेरीत संपली. मात्र अलीच्या धर्माचे शेकडो लोक आणखी 36 वर्षांनी येथे संसार थाटतील, असे त्या रात्री कोणाच्या मनातही आले नसेल.

सोमालियातील राजवट 1991 मध्ये कोसळल्यानंतर लाखो लोक केनियातील दादाबसारख्या निर्वासित छावण्यांत गेले आणि त्यांपैकी काहींचे अमेरिकेत पुनर्वसन झाले; 2001 पासून ही कुटुंबे स्वस्त घरे व शांत शाळा शोधत लुइस्टनकडे वळली. ऑक्टोबर 2002 मध्ये महापौरांनी खुले पत्र लिहून सोमाली समाजाला हा ओघ आवरण्याची विनंती केली. त्या पत्रामुळे गाव देशभर गाजले, जानेवारी 2003 मध्ये गौरवर्णीय वर्चस्ववाद्यांनी तेथे सभा घेतली आणि त्याच दिवशी बेट्स महाविद्यालयात सोमाली रहिवाशांच्या पाठिंब्यासाठी हजारो लोक जमले.

छावणीत चिंध्यांचे व प्लास्टिकच्या पिशव्यांचे चेंडू बांधून खेळलेल्या मुलांना लुइस्टनमध्ये भाषा येत नव्हती, हिवाळा सोसत नव्हता आणि गावाचे खरे प्रेम असलेली आइस हॉकी त्यांना अनोळखी होती. फुटबॉल मात्र त्यांना स्थानिक मुलांपेक्षा चांगला येत होता. वर्गात जो मुलगा अडखळतो त्याच्याच पासची वाट मैदानावर इतरांना पाहावी लागते आणि आपली कोणाला तरी गरज आहे हा अनुभव, प्रस्तुत लेखकाच्या मते, स्वागतसमारंभांपेक्षा फार मोलाचा असतो. तथापि हे आपोआप घडत नाही. अमेरिकेत मुलांचा संघटित फुटबॉल बव्हंशी खाजगी क्लबांच्या भरमसाट शुल्कावर चालतो, त्यामुळे गरीब घरांतील मुलांना सरकारी शाळेचा संघ हेच दार उघडे असते. लुइस्टन हायस्कूलचे अनुभवी प्रशिक्षक माइक मॅकग्रॉ यांनी ते दार उघडे ठेवले. त्यांनी रमजानचे उपवास आणि नमाजाच्या वेळा समजून घेतल्या, आणि खेळाडूंच्या सवयीचा वेगवान, छोट्या पासांचा खेळ मोडून काढण्याऐवजी त्यालाच शिस्त लावली.

या संघाचे सर्वांत विलक्षण अस्त्र थ्रो-इन हे होते आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. चेंडू मैदानाच्या लांबीच्या बाजूची रेषा, म्हणजे ‘टचलाइन’, ओलांडून गेला की ज्या संघाने त्याला शेवटचा स्पर्श केलेला नसेल त्या संघाचा खेळाडू तो बाहेरून आत फेकतो. त्या वेळी दोन्ही पाय जमिनीवर, रेषेवर किंवा रेषेबाहेर असावे लागतात आणि चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून, डोक्यावरून सोडावा लागतो. त्यातून थेट गोल होऊ शकत नाही. मात्र त्यावर ऑफसाइडही नसतो, म्हणजे सहकारी प्रतिस्पर्ध्यांच्या मागे, गोलजाळ्याच्या तोंडाशी, खुशाल उभे राहू शकतात. लुइस्टनचा एक खेळाडू धावत येऊन, चेंडूसह हात जमिनीला टेकवून अंगाची पूर्ण कोलांटी घेत असे आणि पाय पुन्हा जमिनीला लागताच चेंडू सोडत असे. धावण्याचा व गिरकीचा वेग चेंडूत उतरल्यामुळे तो थेट गोलसमोरच्या गर्दीत पडे. पाय जमिनीवर असतानाच चेंडू सुटत असल्याने हे सारे नियमात बसते. डोंबाऱ्याच्या खेळासारखी दिसणारी ही फेक पाहून प्रेक्षक हसत, परंतु बचाव करणाऱ्यांना ती कॉर्नर किकइतकीच धोक्याची वाटत असावी.

2014 मध्ये राज्याचा अंतिम सामना हरलेला हा संघ 2015 च्या हंगामात एकही सामना हरला नाही; त्याने 113 गोल केले आणि केवळ सात स्वीकारले. 7 नोव्हेंबर 2015 रोजी पोर्टलंडमध्ये स्कारबरो संघाविरुद्धचा अंतिम सामना लुइस्टनने 1-0 असा जिंकला, आणि तो एकमेव गोल त्याच कोलांटीच्या थ्रो-इनमधून उद्भवला. संघाचा घोष स्वाहिली भाषेत होता, आणि तो गोऱ्या खेळाडूंच्याही तोंडी होता. लेखिका एमी बास यांनी या संघावर 2018 मध्ये ‘वन गोल’ हे पुस्तक लिहिले.

मुलींची वाट अधिक अवघड होती, कारण खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या मंडळाने डोके झाकून खेळण्यास निःसंदिग्ध मान्यता दिली ती 2014 मध्ये. शिवाय विजेतेपदाने गावातील सर्व वैर मिटले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 2019 मध्ये सोमाली वंशाची एक तरुणी लुइस्टनच्या नगरपरिषदेवर निवडून आली, आणि त्या प्रचारातही तिला समाजमाध्यमांवरून वंशद्वेषी शिवीगाळ सोसावी लागली.