ना दगड, ना फूल

गोड्या मसाल्याच्या साहित्यात चुरगळलेल्या कागदासारखा एक पदार्थ असतो. वरून राखाडी, खालून काळा. तेच दगडफूल. घरातून एक तुकडा मागून घ्या आणि भिंगाखाली धरा. पाकळी नाही, देठ नाही. हे फूल नव्हेच. आणि दगडापेक्षा झाडाच्या सालीवरच ते अधिक वाढते.

मग हे आहे तरी काय? हे आहे शैवाक. दगडफूल म्हणून विकल्या जाणाऱ्या शैवाकांपैकी एकाचे शास्त्रीय नाव पार्मोट्रेमा पर्लाटम. शैवाक म्हणजे दोघांचा संसार. कवक, म्हणजे एक प्रकारची बुरशी, घर बांधते आणि ओलावा धरते. तिच्या धाग्यांत राहणारी सूक्ष्म हिरवी शैवले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांना ती पटली नाही. विल्यम निलँडर त्यांपैकीच एक.

पण या निलँडरांनी आदल्याच वर्षी एक महत्त्वाची नोंद केली होती. पॅरिस शहरात शैवाके दुर्मिळ होत होती. लक्झेंबर्ग बागेत मात्र ती टिकून होती. शैवाकाला मुळे नसतात. पाणी आणि क्षार ते हवेतून व पावसातून सर्वांगाने शोषते, आणि त्याबरोबर धुरातला सल्फर डाय-ऑक्साइडही! पुढे त्या बागेतूनही शैवाके नाहीशी झाली. हवेतला हा वायू कमी झाल्यावर, १९९० च्या सुमारास, ती तेथे परतलेली आढळली.

जंगलात शैवाकांच्या पापुद्र्यांखाली बारीक कीटक आसरा घेतात. निखार पक्षी तर शैवाकाचे तुकडे कोळ्याच्या जाळ्याने घरट्याला बाहेरून चिकटवतो. घरटे फांदीचीच गाठ वाटते.

आता बाजाराकडे वळू. आपले दगडफूल हिमालयातल्या आणि दक्षिणेकडच्या जंगलांतून येते. ते शेतात पिकवत नाहीत. त्याची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर! गळून पडलेल्या फांद्यांवरचे वेचले तर फारसे बिघडत नाही. उभे झाड खरवडले, तर ते पुन्हा भरायला वर्षानुवर्षे लागतात. पापुद्र्याच्या कडांवर पिठासारखे कण असतात. प्रत्येक कणात कवक आणि शैवल दोघेही असतात, आणि वाऱ्या-पावसाबरोबर ते नव्या फांदीवर पोचतात. पण कण सोडायला झाडावर काही उरायला तर हवे!

सहलीला महाबळेश्वरला गेलात, तर खोडावरच्या वाळक्या राखाडी शैवाकावर थोडे पाणी शिंपडा. ते हिरवट दिसू लागेल. वरचे आवरण भिजून पारदर्शक होते आणि आतली शैवले डोकावतात.