मिशाळ माशांसाठी गळाची सुरक्षित बांधणी

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातून वाहणाऱ्या भीमा, मांजरा, कारंजा व कागिणा या नद्यांच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे सहज दृष्टीस पडतात. ज्याच्यापाशी नाव नाही, जाळे नाही, अशा माणसालाही गळ परवडतो. तथापि, ‘दोरा तुटला आणि मासा सुटला’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तो मासा खरोखरच सुटलेला असतो काय, याचा विचार क्वचितच होतो. तोंडात गळ रुतलेला, मागे हातभर दोरा व शिसे ओढणारा मासा दगडांच्या कपारीत अडकतो आणि उपासमारीने मरतो. तो माणसाच्याही कामी येत नाही व नदीच्याही. ही हानी टाळणे सर्वस्वी गळाच्या बांधणीवर अवलंबून आहे.

मिशाळ मासे कोणते?

ओठांजवळ मिशांसारखे स्पर्शतंतू असलेल्या माशांत महाशीर, कोळस इत्यादी जातींचा समावेश होतो. युरोपातील नद्यांत आढळणारा ‘बार्बेल’ हा यांचाच भाईबंद होय. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनमधील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात महाशीर व कोळस या दोहोंचा समावेश होता. महाशीराच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा शब्द आजही टिकून आहे.

या माशांच्या मिशा म्हणजे चव व स्पर्श ओळखण्याची इंद्रिये होत. त्यांच्या साहाय्याने मासा तळाशी अन्न शोधतो. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. ओठ मांसल असल्याने गळ घट्ट रुततो. म्हणून आमिष तळाशी ठेवावे लागते, तळाशी ठेवण्यासाठी वजन लागते, आणि हे वजनच पुढे माशाच्या जिवावर उठते.

कच्चा दुवा कोठे असावा?

कोणतीही साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीपाशी तुटते. ही कच्ची कडी कोठे असावी, हे नशिबावर न सोडता आपण ठरवणे, यातच सुरक्षित बांधणीचे सार आहे. ती गळाच्या अगदी जवळ असावी. दोरा तुटलाच, तर माशाबरोबर केवळ गळ व वीतभर धागा जावा. शिसे व लांब दोरा जाऊ नये.

यासाठी बांधणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम मजबूत मुख्य दोरा घ्यावा. त्यात वजन पक्के न बांधता रुंद कडीतून मोकळे सरकते ठेवावे. त्याखाली गाठीच्या रक्षणासाठी एक मणी व नंतर भोवरकडी असावी. भोवरकडीमुळे दोऱ्याला पीळ बसत नाही. भोवरकडीपुढे मुख्य दोऱ्याहून कमी ताकदीचा आखूड धागा व त्याच्या टोकास गळ असावा. उदाहरणार्थ, मुख्य दोरा पाच किलो भार पेलणारा असेल, तर गळाचा धागा साडेतीन किलोचा पुरे. वजनाच्या वरच्या भागी दोऱ्याला गाठ असू नये. मग मुख्य दोरा वरून तुटला तरी तो कडीतून सरकून बाहेर पडतो व मासा वजनातून मोकळा होतो.

बादलीची परीक्षा

ही बांधणी बरोबर आहे की नाही, हे घरी किंवा शाळेत पाहता येते. गळ न लावता बाकीची बांधणी आढ्याला बांधावी व खाली रिकामी बादली जमिनीपासून चार बोटे उंच टांगावी. तोंड दूर ठेवून तीत हळूहळू पाणी ओतावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. त्यात बादलीचे वजन मिळवावे. धागा भोवरकडीच्या खाली तुटला तर बांधणी योग्य. वर तुटला तर क्रम चुकला असे समजावे.

गाठ आवळण्यापूर्वी दोरा ओला करावा. कोरडा दोरा घर्षणाने तापून कच्चा होतो. उन्हात पडून राहिलेला नायलॉनचा दोराही आतून कमजोर होतो. कागिणेच्या काठी शहाबादी फरशीच्या दगडाला धारदार कडा असतात. तेथे दोऱ्याची शेवटची हातभर लांबी दर वेळी बोटांनी चाचपावी व खरवडलेली आढळल्यास कापून टाकावी.

गळ आणि शिसे

गळाच्या टोकामागील उलटा दात पकडीने दाबून सपाट करावा. दोरा ताणलेला ठेवल्यास मासा सहसा निसटत नाही, आणि लहान मासा इजा न होता परत सोडता येतो. गळ माणसाच्या बोटात किंवा गुराच्या पायात रुतला तरी तो काढणे सोपे जाते.

शिसे विषारी आहे. शिशाचे मणी दातांनी दाबू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत. इंग्लंडमध्ये हंस पक्षी ही वजने गिळून मरू लागल्याने १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्याकडे जुना लोखंडी नट त्याचे काम उत्तम करतो.

काही दक्षता

सोडावयाचा मासा ओल्या हातांनी धरावा, तापलेल्या खडकावर ठेवू नये. पावसाळा हा अनेक जातींचा विणीचा काळ असल्याने अंडी भरलेली मादी परत सोडणे हिताचे. तुटलेला दोरा काठावर टाकू नये. त्यात पक्ष्यांचे पाय गुंततात. सुरुंग व विष यांनी मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा ठरले आहे. कर्नाटकात अंतर्देशीय मासेमारीसाठी १९९६ चा कायदा आहे. म्हणून ठेका वा परवाना यांविषयी मत्स्यव्यवसाय खात्याकडे आधी चौकशी करावी.

गळाने मासा धरणे हा कोणाचा विरंगुळा, तर कोणाच्या घरची भाजी असते. दोन्हींसाठी नदीत मासा शिल्लक राहावयास हवा. एक भोवरकडी, एक मणी आणि थोडासा कच्चा धागा एवढ्या अल्प खर्चात ते साधत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करणे कोणासही परवडणारे नाही.