जयपूरचा झुलता लोहचुंबक

आपल्याकडे विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला जी एक सरकारी हजेरीपटाची कळा आलेली आहे, तिचा दोष विद्यार्थ्यांच्या आळसावर टाकण्याचा प्रघात असला, तरी माझ्या मते तो बव्हंशी प्रयोगांच्या मांडणीचाच आहे. नियम पुस्तकात छापलेला, उत्तर गतवर्षीच्या जर्नलात उतरवलेले आणि रीडिंगे त्या उत्तराबरहुकूम मागाहून बसवलेली, असा सगळा मामला असल्यावर निसर्गाला साक्षीसाठी पाचारण करण्याचे प्रयोजनच उरत नाही. दुसऱ्या टोकाला ठिणग्या आणि स्फोट यांचे जलसे असतात. त्यांत मुले टाळ्या पिटतात खरी, परंतु टाळी वाजवणारा हात मोजमाप करीत नसतो. वस्तुतः वर्गातल्या प्रयोगाचे सामर्थ्य असे, की १८२० साली कोपनहेगन येथे चालू व्याख्यानात तारेतून वीज सोडताच शेजारची चुंबकसूची हललेली हान्स क्रिस्तियन अर्स्टेड यांना दिसली, आणि वीज व चुंबकत्व यांचा संबंध तिथून उजेडात आला.

या दोन्ही टोकांना टाळणारी एक मांडणी जयपुरास झाली. राजस्थान विद्यापीठातील प्राध्यापक बाबूलाल सराफ व त्यांचे सहकारी यांनी १९७०च्या दशकात पदवीवर्गांसाठी नवे प्रयोग रचले आणि ते 'फिजिक्स थ्रू एक्सपेरिमेंट्स' या ग्रंथाच्या खंडांतून प्रसिद्ध केले. त्यांतला एकच प्रयोग नमुन्यादाखल पाहू.

वेटोळ्यातून लोहचुंबक सरकला की वेटोळ्यात विद्युत्दाब उत्पन्न होतो, हा मायकेल फॅरडे यांचा १८३१चा शोध. शाळेत तो दाखवताना गुरुजी हाताने चुंबक आत खुपसतात, काटा झटका खातो, आणि "वेग जास्त, तर दाब जास्त" असे सांगून तास संपतो. पण वेग किती आणि दाब किती, हे विचारण्याची सोय तिथे नसते. कारण गुरुजींच्या हाताला वेगाची मोजपट्टी जोडलेली नसते. सराफांनी चुंबक हातातून काढून घेतला आणि एका अर्धवर्तुळाकार कमानीवर बसवून ती कमान लंबकासारखी झुलती ठेवली, अशी की प्रत्येक झोक्यात चुंबक खालच्या वेटोळ्यातून पार व्हावा. झोका किती अंशांचा घेतला आणि एका आंदोलनास किती वेळ लागला, एवढे ठाऊक असले की तळाशी चुंबकाचा वेग किती, हे कागदावर काढता येते. आणि वजने सरकवून आंदोलनाचा काळही बदलता येतो.

राहिला प्रश्न दाबाचा. तो क्षणभरच टिकतो, आणि चुंबक आत शिरताना एका दिशेचा तर बाहेर पडताना उलट दिशेचा असतो. साध्या मापकाचा काटा त्याला गाठू शकत नाही. यावरची तजवीज मला तरी या प्रयोगातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. वाटेत एक डायोड घातला, म्हणजे एकाच दिशेची वीज पुढे जाते. तिच्यामागे एक धारित्र ठेवले, म्हणजे काही झोक्यांत ते त्या दाबाच्या शिखरापर्यंत भरत जाते आणि ते शिखर स्वस्थपणे मोजू देते. मग वेग आडवा व दाब उभा मांडून आलेख काढावा. बिंदू सरळ रेषेत येतात. पुढे वेटोळ्याची टोके रोधातून जोडून मंडल पुरे केले, की तोच झोका लवकर थकतो. निर्माण झालेल्या विजेची किंमत चुंबकाच्या गतीतून वसूल होते, हा लेन्झचा नियम इथे नुसत्या डोळ्यांना दिसतो.

जयपुराला ही बुद्धी उपरी नाही. १७२७ साली हे शहर वसवणारा सवाई जयसिंह, आकाशवेधाची पितळेची लहान यंत्रे झिजतात व हलतात म्हणून चुना-दगडांच्या प्रचंड यंत्रांकडे वळला; त्याच्या पदरचे जगन्नाथ सम्राट या महाराष्ट्रीय पंडितांनी युक्लिड व टॉलेमी यांचे ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणले. सराफांनी क्षणिक दाब धरून ठेवला, जयसिंहाने सूर्याची संथ चाल मोठी करून दाखवली. जंतरमंतर या त्याच्या येथील वेधशाळेतले सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ सुमारे २७ मीटर उंच आहे, आणि ज्या वक्र पाख्यांवर त्याची छाया पडते त्यांची त्रिज्या सुमारे १५ मीटर असल्यामुळे छाया तासाला जवळजवळ ४ मीटर, म्हणजे मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर सरकते. पाख्यांवर २ सेकंदांपर्यंतच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्या मात्र थोड्या सबुरीनेच घ्याव्यात. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्याने छायेची कड नेहमीच काहीशी पुसट राहते.

वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांनी मुलांना तेथे न्यावे, वाटाड्याचे आख्यान थोडे आवरते घ्यायला लावावे, आणि छायेने दाखवलेली वेळ व मनगटावरच्या घड्याळातली वेळ यांतली तफावत प्रत्येकाला वहीत लिहायला सांगावी. तिच्यातली सुमारे २७ मिनिटे जयपूर हे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्यामुळे पडतात. बाकीची मिनिटे तारखेगणिक बदलतात, तेव्हा वहीत तारीख घालण्यास विसरू नये.